पाढे कांबळे गुरुजींचे

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "सर, दिवाळी अंकासाठी तुमचा अनुभव पाहिजे. ती पाढ्यांची पद्धत तुम्हाला कशी सुचली, तेवढंच लिहा. जरा हसतखेळत." मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. मेथीची जुडी तशीच राहिली.

ती पद्धत मला सुचलेली नाही. हे वाक्य मी आजवर कुठं छापून आणलेलं नाही, चारचौघांत बोललेलोही नाही. कोल्हापुरात मला ओळखणारे बरेचजण 'पाढेवाले सर' म्हणतात. एकदोन ठिकाणी शाल-श्रीफळही मिळालं, आणि ते घेताना मी दर वेळी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. तेव्हा बाईंनी सांगितल्याइतका हा लेख हसतखेळत होईल असं वाटत नाही. जमेल तेवढं करतो.

आधी काम काय होतं ते सांगतो. माझी पदवी व्यवसायोपचाराची. हा शब्द लिहायलाच इतका जड की बोलताना कुणी वापरत नाही. आजारामुळं रोजची कामं अडली असतील तर ती पुन्हा जमवून देणारा माणूस, असं मी सांगत असे. ऐकणारा विचारायचा, "म्हणजे मालिश करता?" मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी एका धर्मादाय मंडळानं चालवलेल्या केंद्रात मी नोकरीला होतो. केंद्र कळंब्याच्या रस्त्यावर. रिक्षात बसून कळंबा म्हटलं की रिक्षावाला आरशातून बघत हळू आवाजात विचारायचा, "आत कोण हाय, पावणं?" कळंब्याला तुरुंग आहे ना. आमच्याकडं येणारे काही नातेवाईक त्याला सरळ सांगायचे, "व्हय, भाऊ हाय आत." भाऊ तुरुंगात आहे हे सांगणं त्यांना सोपं वाटायचं.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की लोकांना भास, संशय, एकट्यानं बडबडणं एवढंच आठवतं. त्यांच्या शरीराचं काय होतं याकडं कुणाचं लक्ष नसतं. काहींचं चालणं-वागणं आजारानंच मंदावतं. घास हातात घेतला की हात तोंडाच्या वाटेवर मध्येच थांबतो. दुसऱ्यांना औषधांनी ताठरपणा येतो. विशेषतः त्या काळातली औषधं आवाज शांत करायची, पण माणसाला लाकडासारखं करून ठेवायची. हात हलायचे नाहीत, पावलं घासत टाकायची, आणि दार आलं की उंबऱ्यापाशी खिळल्यासारखं उभं राहायचं. घरचे म्हणतात, "सोंग करतोय." सोंग नसतं ते. कसं चालायचं ते त्याला माहीत असतं, चालायचंही असतं, फक्त सुरुवात होत नाही. आतून जी एक चाल मिळायला हवी ती मिळत नाही. अशा वेळी बाहेरून ठेका दिला, तर पुष्कळदा पाऊल उचललं जातं. आजार त्यानं बरा होत नाही, औषधही सुटत नाही. पण माणूस स्वतःच्या पायांनी संडासाला जातो, आणि ही किती मोठी गोष्ट आहे ते जो जाऊ शकत नाही त्याला विचारावं.

ठेक्याची गोष्टसुद्धा मला पुस्तकातनं नाही कळली. हुपरीहून एक बाई यायच्या, सुनंदाक्का. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. नवरा त्यांना एसटीनं घेऊन यायचा. माझ्या खोलीत त्या ताटापुढं तासभर बसून राहायच्या, घास हातात धरून. महिनाभर मी समजावत राहिलो. एक दिवस नवराच वैतागून म्हणाला, "साहेब, हितं लई शांतता हाय ओ. आमच्या घरात दिवसभर ठोकाठोकी चालू असती. तिथं ही जेवती की."

"मग महिनाभर सांगितलं का नाही?"

"तुम्ही डाक्टर लोक. आमी काय सांगायचं?"

पुढच्या खेपेला तो हातोडी आणि ऐरणीचा छोटा तुकडा पिशवीतनं घेऊन आला. माझ्या टेबलाशेजारी बसून टुक टुक टुक सुरू केलं. सुनंदाक्कांनी घास तोंडात घातला. दुसरा घातला. मग नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "मीठ न्हाई ह्यात." एवढ्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य. त्या ठोक्यांची आम्ही कॅसेट भरून घेतली. केंद्र बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं होतं, "सुतारकाम कधी संपणार तुमचं?"

दुसरे होते एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, माने मामा. दारापाशी अडकायचे. आमचा शिपाई तानाजी मोठा बेरकी. त्यानं सायकलची घंटा आणली आणि मामांच्या पाठीमागं उभं राहून दोनदा वाजवली. टिंग टिंग. मामा निघाले! आयुष्यभर कंडक्टरच्या दोन घंट्यांवर गाडी काढली होती त्यांनी. आम्ही सगळे खूश. पण जेवणाची सुट्टी आमच्याकडं एकाच टोल्यानं व्हायची, आणि एक घंटा म्हणजे गाडी थांबवा. जेवणघराच्या दारात मामा उभे, त्यांच्या मागं सगळी रांग उभी. तानाजी मागून ओरडतोय, "मामा, गाडी काढा की!" मामा शांतपणे म्हणाले, "डबल मिळाली न्हाई." त्या दिवसापासून जेवणाला दोन टोले पडू लागले.

अशा गमती सांगत मी भाषणं करत असे. आता जी गोष्ट भाषणात कधी सांगितली नाही ती सांगतो. गुरुजी आणि मिलिंद यांची परवानगी घेऊनच लिहितो आहे.

मिलिंद कांबळे नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमच्याकडं आला. मलकापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला. कोल्हापुरात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडलेला, हुशार, अबोल मुलगा. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. कांबळे गुरुजी दर शनिवारी सकाळची शाळा करून एसटीनं यायचे, पांढरा सदरा, कडक इस्त्री, हातात डबा. मुलाजवळ बसायचे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घ्यायचे. इतका टापटिपीचा पालक आमच्याकडं दुसरा नव्हता.

मिलिंद उंबऱ्यावर अडकायचा. दोरी तुटलेल्या बाहुलीसारखा उभा. कॅसेटवरच्या ठोक्यांनी त्याला काही फरक पडेना, टाळ्या वाजवूनही नाही. आणि मग मला हलगी आठवली. कोल्हापूरच्या माणसाला हलगी आठवायला वेळ लागत नाही. मैदानात कुस्ती लागली की हलगी कडाडते आणि नुसत्या बघणाऱ्याचेही पाय जमिनीवर ठरत नाहीत. मी तानाजीला त्याच्या तालमीतनं एक आणायला सांगितली. त्यानं वाळका पाला पेटवून ती शेकली, वाजवली, आणि मिलिंदनं उंबरा ओलांडला. मग मला आणखी पुढचं सुचलं. दुसऱ्यानं वाजवण्यापेक्षा मिलिंदनंच वाजवली तर? ठेका त्याच्याच हातातनं पायात उतरेल. मी पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला, दोन्ही टिपऱ्या हातात दिल्या. आठवड्याभरात तो वाजवत चालायला लागला, आणि त्याच्या मागं बाकीचे.

त्यापूर्वी तानाजी मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "सर, कांबळ्यांच्या पोराच्या गळ्यात हलगी? गुरुजींना इचारलंसा काय?"

"त्यात काय विचारायचं?"

"न्हाय म्हंजे, ते बौद्ध हायत. त्यांच्यात सोडलीया हलगी."

मी जे उत्तर दिलं ते मला तसंच्या तसं आठवतं. "तानाजी, औषधाला जात नसते." वाक्य मला इतकं आवडलं की त्याच संध्याकाळी जेवताना मी बायकोलाही ऐकवलं.

आमच्या घरात हलगी म्हणजे गणपतीची मिरवणूक आणि मैदानातली कुस्ती. ती गळ्यात अडकवणारा माणूस कोण असतो, त्याला ती नको म्हणायची मुभा असते का, याचा विचार करायची वेळ माझ्या घरातल्या कुणावर कधी आली नव्हती. हे आज लिहितो. तेव्हा असा काही प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्यानं सांगितलं तर मी त्याला सुविचार ऐकवला.

केंद्राच्या वर्धापनदिनाला देणगीदार, डॉक्टर, शहरातले प्रतिष्ठित लोक आले होते. मी कार्यक्रमात प्रात्यक्षिक ठेवलं. पुढं मिलिंद हलगी वाजवत, मागं सहाजण पावलं टाकत. गुरुजींना मी मुद्दाम पत्र घातलं होतं, 'मिलिंदची प्रगती पाहण्यास अवश्य यावे.' हलगीचं काही लिहिलं नव्हतं. त्यांना एकदम आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, म्हणून शनिवारी ते यायचे तेव्हाही हलगी बाहेर काढली नव्हती.

प्रात्यक्षिक झकास झालं. टाळ्यांचा कडकडाट. गुरुजी मागच्या खुर्चीवर होते, शेवटपर्यंत बसून राहिले. मग उठले, लोकांमधून वाट काढत पुढं आले, मुलाच्या मानेमागं हात घालून पट्टा सोडवला आणि हलगी अलगद माझ्या टेबलावर ठेवली. टिपऱ्या तिच्याशेजारी नीट ठेवल्या.

"सर, ही कल्पना कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. मला अजून वाटत होतं की ते आभार मानणार आहेत.

"दुसरं काही मिळालं नाही वाजवायला?"

"का? काय झालं?"

"धम्म घेतल्यावर माझ्या वडलांनी ही गळ्यातनं काढली, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. जत्रेत वाजवणार नाही म्हणाले. दुकानदारानं मीठ बंद केलं. गिरणीवाला दळण घेईना. आईनं वर्षभर जात्यावर दळलं, पण त्यांनी परत हात लावला नाही." आवाज चढलेला नव्हता. "आणि आज माझा पोरगा पावण्यांच्या म्होरं वाजवतोय. पावणं टाळ्या देत्यात."

पाहुणे बघत होते. मला ओशाळल्यासारखं झालं आणि ओशाळलेला माणूस मोठ्यानं बोलतो. "गुरुजी, तुम्हाला मुलगा चालायला हवा आहे की नको?"

"चालायला पायजे सर," गुरुजी म्हणाले. "पर मागं न्हाई."

त्यांनी मिलिंदचा दंड धरला आणि निघाले. सभागृहाच्या दारात मिलिंद अडकला. अडकणारच होता. शंभर डोळे त्याच्या पाठीवर, आणि माझ्या मनात आलं, लिहायला लाज वाटते पण आलं, की आता यांना माझी हलगी आठवेल. गुरुजींनी काही घाई केली नाही. मुलाच्या शेजारी उभे राहिले आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "बे एके बे."

मिलिंद हलला नाही.

"बे दुणे चार." शाळेत म्हणतात तसंच, शेवटचा आकडा थोडा लांबवून. "बे त्रिक सहा." मिलिंदचे ओठ हलले. "बे चोक..." गुरुजी म्हणाले आणि थांबले. "आठ," मिलिंद म्हणाला, आणि पाय उंबऱ्याबाहेर पडला.

पायऱ्या ते तीनच्या पाढ्यावर उतरले. आवारातली वाट चारच्या. मी खिडकीतनं बघत होतो. फाटकापर्यंत ते कुठं थांबले नाहीत.

केंद्रात प्रत्येक रुग्णाचा एक कागद असतो, केसपेपर. संध्याकाळी मी मिलिंदचा काढला आणि शेवटची नोंद केली. इंग्रजीत लिहायची पद्धत होती, मराठीत सांगायचं तर अशी: 'वडील सहकार्य करत नाहीत. सल्ला न मानता रुग्णास घेऊन गेले.' हलगीबद्दल एक अक्षर नाही. तानाजीनं सांगितलं होतं त्याबद्दल नाही. आणि डोळ्यांनी बघितलेल्या पाढ्यांबद्दल नाही.

सोमवारी मात्र मी माने मामांना दारात उभं करून म्हटलं, "बे एके बे."

पाढ्यांत काय आहे ते सांगायला हवं, कारण पुढची दहा-बारा वर्षं माझं नाव त्यांवर झालं. आमच्या पिढीच्या, आणि नंतरच्याही, शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या अंगात ते मुरलेले असतात. आठवावे लागत नाहीत, एक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते. चाल ठरलेली, ठेका पावलाच्या मापाचा. वाद्य लागत नाही, रस्त्यात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि रुग्णाला ते मनातल्या मनात म्हणता येतात. त्यामुळं ठेका कुणावर अवलंबून न राहता त्याचा स्वतःचा होतो. अडचणीही होत्या. ज्याचा तेराचा कच्चा, तो तेराला जिन्यात अडकायचा. आमच्याकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका शेजारच्याचा पाढा चुकला की त्याला दुरुस्त केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायच्या नाहीत. शाळेत न गेलेल्यांना दुसरं काही शोधावं लागायचं, कांडणाची लय, नाहीतर मोटेवरची हाळी. पण एकंदरीत पद्धत बसली. मी ती डॉक्टरांच्या एका सभेत मांडली. "ही कशी सुचली?" असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "काम करता करता." मग वर्तमानपत्रात आलं.

आता सर्वांत अवघड भाग.

साधारण आठ महिन्यांनी गुरुजी मिलिंदला घेऊन परत आले. जीपमधून दोघांनी उचलून उतरवला. दुसरीकडं औषध बदललं होतं, ते मानवलं नव्हतं, ताठरपणा वाढून तो अंथरुणाला खिळला होता. आमच्या केंद्रात प्रवेशासाठी बैठक व्हायची. जागा थोड्या, अर्ज जास्त, त्यामुळं जुने कागद बघून ठरवायचे. मिलिंदचा कागद निघाला आणि माझी नोंद वाचली गेली. एक सभासद म्हणाले, "वडील असे असतील तर कशाला? सहकार्य करणाऱ्यांना देऊ." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण अक्षर माझं होतं. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. 'ती नोंद खरी नाही.' चार शब्द.

मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यालो. पुढचा अर्ज निघाला.

बाहेर बाकावर गुरुजी बसले होते. मिलिंदचं डोकं त्यांच्या खांद्यावर. निरोप सांगायचं काम माझ्याकडंच.

"गुरुजी, सध्या जागा नाही."

"बरं. कधीपर्यंत होईल?"

"सांगता येत नाही."

त्यांनी पिशवीतनं वही काढली, पेनाचं टोपण उघडलं. "मग घरी काय काय करायचं तेवढं सांगा. लिहून घेतो."

मी सांगत गेलो. गुडघे रोज सरळ करा, कूस बदला, डॉक्टरांना औषधाचा डोस पुन्हा विचारा. ते लिहीत होते. आणि मग, कुठल्या सवयीनं ते देव जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि उभा राहायला लागला की पाढे म्हणून बघा. उपयोग होतो."

गुरुजींचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. फार वेळ नाही.

"म्हणतो," ते म्हणाले, आणि वहीत तेही लिहून घेतलं.

त्यानंतर ते कधी आले नाहीत. मी पत्र घातलं नाही. तानाजीनं एकदोनदा विचारलं, "गुरुजींचा पोरगा कसा हाय ओ?" मी म्हणालो, "बरा असेल." तानाजी मग विचारायचा बंद झाला. माझ्याशी गमती करायचाही.

केंद्रातनं मी बाहेर पडलो तेव्हा जुने कागद रद्दीत काढायचं काम चाललं होतं. गठ्ठ्यात मिलिंदचा कागद सापडला. नियमाला धरून नव्हतं, पण तो मी पिशवीत घातला. दोन वर्षं कपाटात होता. या उन्हाळ्यात, बाईंचा फोन येऊन गेल्यावर, मी मलकापूरची एसटी पकडली. पुढं वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपनं गाव गाठलं.

गुरुजी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. निवृत्त झालेत, केस पांढरे, पण सदरा तसाच कडक. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"या सर. उन्हाचं आलासा. पाणी घ्या." आणि आत आवाज दिला, "मिलिंद, पाणी आण रे बाबा. कोल्हापूरचं सर आल्यात."

मिलिंद पाणी घेऊन आला. छत्तीस-सदतीसचा, जाडसर, चष्मा लागलेला. उजवा पाय गुडघ्यात सरळ होत नाही, लंगडत चालतो. उंबऱ्यापाशी किंचित थांबला, ओठ हलले, आणि आला. तांब्यातलं पाणी सांडलं नाही. मी त्या गुडघ्याकडं बघत होतो. आठ महिन्यांनी आणला होता तेव्हा तो गुडघा सुधारण्यासारखा होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गुरुजींनी माझी नजर पकडली. "सव्वा वर्ष पडून होता. मग उठला. मी शाळेत न्यायचो बरोबर. वर्गात पोरं पाढे म्हणायची आणि हा बाहेर वऱ्हांड्यात चालायचा. पोरांना वाटायचं साहेब तपासणीला आल्यात. माझ्या वर्गाचे पाढे तालुक्यात पक्के होते ते ह्याच्यामुळं." मिलिंद किंचित हसला. आता तो समाजमंदिरातलं वाचनालय सांभाळतो.

मी कागद काढून गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी चष्मा चढवून कागद वाचला, उत्तरपत्रिका तपासावी तसा, ओळीखाली बोट फिरवत.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले.

मग मी सांगितलं. हलगी, तानाजी, बैठक, पेला, डॉक्टरांची सभा, शाल. सगळं. ते ऐकून घेत होते.

"पाढ्यांचं मला ठाऊक हाय. पेपरात आलंतं की. ह्याची आई म्हणाली, जाऊन भांडा. मी म्हटलं, कुणाची तरी पोरं चालायल्यात न्हवं? चालू देत."

"राग नाही आला?"

"आला की! लई आला. पर पाढ्यांचा न्हाई. जागा न्हाई म्हणालासा, त्याचा. बैठकीचं दार उघडं होतं सर. तुम्ही पाणी पिताना मला दिसत होतासा."

आतून मिलिंदच्या आईनं चहा पाठवला. तो निवला तरी मी उचलला नाही. शेवटी मी म्हणालो, "गुरुजी, मी हे खोडतो. खरं काय ते लिहितो. आणि छापूनही आणतो."

"खोडू नका." त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "माझ्या पोरांना मी कधी खोडू दिलं न्हाई. खोडलं की काय चुकलं होतं तेच दिसत न्हाई. वर तसंच राहू दे. खाली लिवा."

मी लिहिलं. मराठीत. 'वरील नोंद खोटी आहे. वडिलांनी पूर्ण सहकार्य केले. चूक माझी होती. पाढ्यांची पद्धत श्री. कांबळे गुरुजी यांची आहे.' खाली सही केली. गुरुजींनी वाचलं आणि मान हलवली.

"माझं काय लिवलंय त्यात?" मिलिंद म्हणाला. तो दाराला टेकून उभा होता. आम्ही दोघांनीही वळून बघितलं.

मी कागद वरपासून चाळला. त्याच्याबद्दल एक ओळ होती, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवसाची. मी मराठीत करून वाचली. 'रुग्ण सहकार्य करतो. हलगी आवडीने वाजवतो.'

"खोटं हाय ते."

"काय खोटं?"

"आवडीनं. मला न्हवती आवडत. आवाज डोक्यात शिरायचा. आधीच तिथं काय कमी आवाज होते?" तो सावकाश बोलतो, शब्दाशब्दाला थांबून. "मी वाजवली की तुम्ही हसायचासा. तिथं दुसरं कोण हसत न्हवतं. म्हणून वाजवायचो."

गुरुजी त्याच्याकडं बघत राहिले. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही पट्टा काढला."

मी पेन त्याच्यापुढं केलं. तो खाली बसला, वाकडा पाय बाजूला घेतला, आणि मांडीवर एक पुस्तक घेऊन त्यावर कागद ठेवला. पेन टेकवलं आणि थांबला. माझ्या ओठांवर 'बे एके' आलं होतं. गुरुजींकडं बघितलं तर त्यांच्याही आलेलं दिसलं. दोघांनीही ते गिळलं. त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला.

त्यानं लिहिलं, 'हलगी आवडत नव्हती. जेवण बरं होतं. मिलिंद.' मग जरा विचार करून आडनाव घातलं.

निघताना मी कागद उचलला नाही. तो त्याच्यापाशीच राहिला. पहिल्यापासून कागद त्याचाच होता.